वीसपैकी वीस, आणि दोन्ही बाह्या डाव्या

आमच्या समोरच्या घरातल्या माणसाला सगळी गल्ली कात्रीमास्तर म्हणते. त्याचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण त्या पाटीवर त्याने स्वतःच शिवलेला पडदा लोंबत असल्यामुळे गेल्या वीस वर्षांत ते कोणी वाचलेलं नाही.

शिवणकाम शिकवणाऱ्या एका शाळेत तो कापणी शिकवतो. तुम्ही त्याला भेटलात, तर तो आधी तुमच्या खांद्यांकडे बघतो, मग कॉलरकडे, आणि वेळ उरलाच तर चेहऱ्याकडे. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी म्हटलं, "नमस्कार, समोर राहायला आलोय." तो म्हणाला, "डावा खांदा अर्धा इंच उतरलाय तुमचा. पिशवी त्याच हातात धरता ना?" त्या दिवसापासून आरशात मला माझा चेहरा दिसत नाही, उतरलेला खांदा तेवढा दिसतो. असा हा माणूस. तरी दोस्ती टिकली, कारण वहिनींच्या हातचा चहा आणि वहिनींच्या तोंडच्या बातम्या, दोन्ही कडक असतात. पुढची हकिगत बरीचशी त्यांच्याकडूनच आलेली आहे. तिखटमीठ माझं.

तर या मास्तरच्या वर्गात एक टेबल आहे. सोळा फूट लांब, एकसंध लाकडाचं. असं सांगतात की शाळा बांधताना टेबल आधी आलं आणि दार नंतर बसवलं. त्यामुळे ते बाहेर काढायचं झालं तर करवतीनेच काढावं लागेल. चौदा विद्यार्थी त्याच्याभोवती उभे राहायचे आणि मास्तर टोकाला. त्याचा नियम एकच. कापडाला कात्री लावण्याआधी आपण काय कापणार आहोत ते शेजारच्याला मोठ्याने सांगायचं, आणि शेजारच्याने त्यात खोट काढायची. खोट निघाली नाही तरच कात्री. "कापलेलं कापड आणि बोललेला शब्द परत येत नाही म्हणतात," मास्तर म्हणायचा, "म्हणून आधी बोलून घ्या. शब्द निदान पुन्हा शिवता येतो." दिवसभर त्या वर्गात बाजार भरल्यासारखी भांडणं चालायची. पण तिथून बाहेर पडलेला माणूस कापड वाया घालवत नसे.

विद्यार्थ्यांना हे आवडायचं का? छे! मास्तर टोकाकडून कात्री नुसती कचकच वाजवत चालू लागला की अर्ध्या वर्गाला तहान लागायची.

आता घरातला दुसरा शिक्षक. मास्तरची सून. ती एका कंपनीत धडे रचते. पडद्यावर शिकायचे धडे. आधी काय दाखवायचं, मग काय विचारायचं, चुकलं तर चुकणाऱ्याला काय सांगायचं, हे सगळं ती ठरवते. सासऱ्याला हा धंदाच मंजूर नव्हता. संध्याकाळच्या चहाला रोज एक चकमक व्हायची.

"काय सूनबाई, आज काय शिकवलंस?"

"आग विझवायचं नळकांडं कसं वापरायचं ते, बाबा."

"तू कधी वापरलंयस?"

"नाही."

"वा! म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. त्यात उंटसुद्धा पडद्यावरचा."

सून बिस्किट बुडवत शांतपणे म्हणाली, "तुम्ही एकतीस वर्षं फ्रॉक कापायला शिकवताय, बाबा. कधी घातलाय?"

वहिनींना ठसका लागला. मला पाठ थोपटावी लागली, आणि मग माझी कोणालातरी थोपटावी लागली.

अशा सुखात दिवस चालले असताना शाळेत नव्या प्राचार्यबाई आल्या. बाई हुशार, कामाला वाघ, चालता चालता बोलणाऱ्या आणि बोलता बोलता पुढे निघून जाणाऱ्या. वाक्याचा शेवट ऐकायला लोक मागून पळत. त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात टॅब दिला आणि प्रत्येक शिक्षकाला सांगितलं की आपला विषय टॅबवर चढवा. आठ धडे, प्रत्येक धड्याचं चित्रीकरण, आणि धड्याच्या शेवटी वीस प्रश्नांची चाचणी. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर आलं की हिरवी खूण.

सून म्हणाली, "बाबा, प्रश्न मी एकदा बघून देऊ का? पर्याय लिहिणं वाटतं तितकं सोपं नसतं."

"माझ्या कात्रीला धार तू लावणार?" मास्तर म्हणाला, आणि विषय संपला.

मग हा गृहस्थ महिनाभर प्रश्न लिहीत बसला. खरं उत्तर लिहायला बसला की गाडी उतारावर लागे. हे राहिलं, ते राहिलं, ही काळजी, ती काळजी, असं करत पाच ओळी. आणि खोटं उत्तर लिहायची वेळ आली की याच्या बोटांना पेटके. मी स्वतः पाहिलेला एक नमुना देतो.

*प्रश्न : शर्टाच्या बाह्या कापताना काय करावे?*
*अ) डोळे मिटावेत.*
*ब) घाई.*
*क) कापड दुहेरी घालावे, सुलट बाजू आत ठेवावी, उभे सूत बाहीच्या लांबीला समांतर आहे का ते पाहावे, बाहीची पुढची खोली, म्हणजे बगलेकडचा खोलगट काप, मागच्यापेक्षा जास्त आखावी, शिलाईसाठी माया सोडावी, म्हणजे कडेला बोटभर कापड जास्त ठेवावे, आणि मगच, शेजाऱ्याला सांगून, शांतपणे कात्री लावावी.*
*ड) काही नाही.*

"अरे," मी म्हटलं, "खोटी उत्तरं जरा सजवून लिही की."

"खोटं लिहायला माझा हात चालत नाही."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "परवा डॉक्टरांना सांगितलंत, गोड सोडलंय म्हणून. तेव्हा बरा चालला!"

"ते बोललो," मास्तर म्हणाला. "लिहून दिलं नाही."

धडे सुरू झाले. आणि आठवड्याभरात चमत्कार झाला. चौदा विद्यार्थी, चौदाही जणांना वीसपैकी वीस. दुसऱ्या धड्यालाही वीस. तिसऱ्यालाही. मास्तरच्या अंगावर मूठभर नाही, चांगलं किलोभर मांस चढलं. टॅब बगलेत मारून तो गल्लीभर फिरला. मला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, दात काढायला गेला तिथे दंतवैद्याला दाखवला. तेही भूल उतरायच्या आत. सुनेला तर रोज दाखवायचा.

"बघ. याला म्हणतात शिकवणं."

"सगळ्यांना वीस, बाबा?"

"सगळ्यांना."

"पहिल्याच झटक्यात?"

"जळू नकोस," मास्तर म्हणाला.

वर्गातही हवा पालटली होती. आधी ज्यांना तहान लागायची ते आता वेळेआधी यायला लागले. मास्तरला घाबरायचं कारणच उरलं नव्हतं. टॅबवरचा मास्तर दुप्पट वेगाने पळवता येत होता, मध्येच थांबवता येत होता, मुख्य म्हणजे गप्प करता येत होता. टेबलाभोवतीचा बाजार उठला. जो तो आपापल्या कोपऱ्यात बोटं मारत बसू लागला. मास्तर म्हणायचा, "या रे, बाही कापून बघू." तर उत्तर यायचं, "सर, बाही झाली आमची. हिरवं आलं." एवढं कौतुकाने म्हणायचे की याला पुढे बोलवेना. वर्ग सगळ्यांचा लाडका झाला होता. कापडाला मात्र कोणी हात लावत नव्हतं.

यात सगळ्यात पुढे एक ड्रायव्हर. बावीस वर्षं ट्रक चालवून गुडघे गेले, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी शिवण शिकायला आलेला. अंगाने आडवा, मनाने उमदा. त्याने चौथा धडा संपायच्या आत घराबाहेर पाटीही लावली : 'येथे सर्व प्रकारचे कपडे शिवून मिळतील.'

मग एका गुरुवारी मास्तरच्या हातात प्राचार्यबाईंचं पत्र पडलं. कापणीच्या वर्गाने पडद्यावरील शिक्षणात शंभर टक्के प्रावीण्य मिळवल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. आता टेबलाची गरज उरली नसल्याने सोमवारी सुतार येऊन ते कापून हलवेल, आणि त्या जागी खुर्च्या मांडण्यात येतील.

मास्तरने ते पत्र दोनदा वाचलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर बसला. मग उठून बाईंच्या मागे पळाला.

"बाई, टेबल लागतं."

"कशाला?"

"कापायला शिकायला."

"शिकलेत की! तुमचेच आकडे आहेत, मास्तर. चौदाच्या चौदा." आणि बाई जिन्यावरून खाली गेल्यासुद्धा.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन दिवस मास्तर जेवला नाही. म्हणजे वहिनींच्या हिशेबाने दोन पोळ्या कमी जेवला. टेबल गेलं तर आपण काय शिकवणार, टॅबची काच पुसणार? असं एकदाच म्हणाला. मीसुद्धा त्याला चिडवलं नाही. यावरून काय ते समजा.

शनिवारी सकाळी मी तिथेच होतो. दारात ड्रायव्हर उभा, आणि त्याच्या मागे त्याचा मेहुणा, नव्या कोऱ्या पँटमध्ये.

"बसा ना," वहिनी म्हणाल्या.

"नको वहिनी, उभाच बरा आहे," मेहुणा म्हणाला.

"अहो, चहा तरी बसून घ्या."

"चहा उभ्याने घेईन. चार दिवस जेवतोय पण उभ्यानेच."

ड्रायव्हर म्हणाला, "सर, जरा बघा. पँट बरोबर आहे. मला मेहुणाच चुकीचा वाटतोय."

मास्तरने मेहुण्याला खांदे धरून गर्रकन फिरवलं. मागून पाहिलं. खाली वाकून पाहिलं. मेहुणा बिचारा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला.

"अरे, मागचा भाग पुढच्याएवढाच कापलास?"

"हो तर. तंतोतंत. मापात फरक नको म्हणून."

"मग तो बसणार कसा? मागे उंची जास्त लागते! धडा पाचवा, प्रश्न सातवा! तू बरोबर उत्तर दिलं होतंस!"

"दिलं होतं की. क."

"क म्हणजे काय?"

"क म्हणजे क," ड्रायव्हर म्हणाला. "लांबवालं."

"लांबवालं?"

"सर, तुमचं खरं उत्तर मालगाडीएवढं असतं. बाकीची तीन म्हणजे सायकली. आता मालगाडी सोडून सायकल कोण पकडेल? प्रश्न वाचायचीसुद्धा गरज पडत नाही."

मेहुणा हसायला गेला, आणि पँटची शिवण ताणल्याचा आवाज आला. सून आतून आली. तिने सासऱ्याच्या हातातला टॅब घेतला, दारालाच टेकून उभी राहिली आणि टकटक बोट चालवायला लागली. घड्याळ मी लावलं होतं. दोन मिनिटं आणि दहा सेकंद.

"वीसपैकी वीस," ती म्हणाली. "बाबा, मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"बटण तुटलं की माझ्याकडे येते," वहिनींनी साक्ष दिली.

"म्हणजे ते चौदाच्या चौदा..." मास्तर पुटपुटला.

"चौदाच्या चौदा, सर!" ड्रायव्हर अभिमानाने म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. आपल्या वर्गात एकी आहे."

मास्तर एकदा सुनेकडे बघत होता, एकदा मेहुण्याकडे. मला त्याच्या डोक्यातली गुंतागुंत स्पष्ट दिसत होती. पोरांना काही येत नाही, ही बातमी वाईट. पोरांना काही येत नाही म्हणून टेबल वाचेल, ही बातमी चांगली. पण ती बाईंना सांगायची कोणी?

"सांगा जाऊन," वहिनी म्हणाल्या. "एवढं काय त्यात?"

"काय सांगू? एकतीस वर्षं शिकवतोय, पण मला प्रश्न विचारता येत नाहीत, असं?"

सून त्याच्या शेजारी बसली. "असं नका सांगू, बाबा. सांगून बाईंना पटत नाही, हे गुरुवारी पाहिलंत ना? तुम्ही बाईंना आधी चाचणी द्या. मग कात्री द्या. मध्ये काही बोलू नका."

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, मला वाटतं, खांद्यांच्या वर.

"हा तुझा धडा झाला," तो म्हणाला.

"रचना माझी. कात्री तुमचीच."

सोमवारी सुतार करवत घेऊन आला आणि टेबलाच्या कडेला टेकून विडीऐवजी काडी चावत बसला. चौदा विद्यार्थी भिंतीला लागून उभे. बाई आल्या त्या घड्याळ बघतच.

"काय मास्तर, निरोप देऊन झाला टेबलाला?"

"बाई, जाण्याआधी एक विनंती. बाहीची चाचणी तुम्ही द्या. एकदाच."

"मी? मला शिवण येत नाही."

"म्हणूनच."

बाईंना आव्हान नाकारायची सवय नव्हती. टॅब घेतला, उभ्यानेच सुरू केलं. दहाव्या प्रश्नानंतर त्यांची भुवई थोडी चढली, पण बोट थांबलं नाही. वीसपैकी वीस. हिरव्या खुणांचा पाऊस. आता कबूल करा, कोणाला बरं वाटणार नाही? बाईंचा चेहरा खुलला.

"अरे! सोपं आहे की हे!"

मास्तर एक शब्द बोलला नाही. त्याने टेबलावर कापड पसरलं, खडू ठेवला, बाहीचा एक कागदी नमुना ठेवला आणि आपली कात्री, जी तो बायकोलाही वापरू देत नाही, बाईंच्या हातात दिली.

बाईंनी मागे वळून पाहिलं. चौदा चेहरे. आता माघार कशी घेणार? त्यांनी कागद कापडावर ठेवला, खडू फिरवला आणि एक बाही कापली. छान कापली हो, हात सरळ आहे बाईंचा. मग ती कापलेली बाही तशीच उचलून पुढे सुलट ठेवली, तिच्याभोवती खडू फिरवला आणि दुसरी कापली. दोन्ही एकावर एक ठेवून दाखवल्या. सुताभराचा फरक नाही.

"तंतोतंत!" बाई म्हणाल्या.

मास्तरने ओठ आवळून धरले. सुनेने सांगितलं होतं, मध्ये बोलायचं नाही. पण भिंतीला टेकलेले विद्यार्थी तरी कुठे बोलत होते? एकही नाही! तोच वर्ग, जो पूर्वी अशा वेळी छप्पर उडवायचा, तो कौतुकाने मान हलवत होता. ड्रायव्हरने तर टाळी वाजवली. मास्तर हादरला तो तेव्हा, बाईंच्या बाहीने नव्हे.

शेवटी बोलला तो सुतार. तोंडातली काडी काढून म्हणाला, "दोन्ही डाव्या आहेत."

"काय?" बाई म्हणाल्या.

"मी दारं करतो, बाई. दोन झडपा तंतोतंत केल्या तर दार लागत नाही. एकीने दुसरीकडे तोंड करायला लागतं."

बाईंनी एक बाही डाव्या हातात चढवली. पुढची जास्त खोली पुढे, सुलट बाजू बाहेर, ठीक बसली. दुसरी उजव्या हातात चढवली. खोली गेली पाठीमागे. उलटून पाहिली, तर कापडाची उलटी बाजू वर. पुन्हा फिरवली. हात वर करून, खाली करून, एकदा तर हात पाठीमागे नेऊनसुद्धा पाहिलं. अखेर तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "हा हात माझा आहे. हा कोणाचा?"

आणि स्वतःच खो खो हसायला लागल्या. तिथे मला बाई आवडल्या. मी तिथे नव्हतो, पण आवडल्या.

"वीसपैकी वीस कसे पडले मग मला?"

आता बोलायची वेळ होती. मास्तर म्हणाला, "माझ्यामुळे. मी प्रश्नच असे लिहिले की आंधळ्यालाही उत्तर सापडावं. चूक यांची नाही. तुमचीही नाही." एवढं वाक्य बोलायला त्याला जो घाम फुटला, तो सोळा फूट टेबल पुसायला पुरला असता.

बाईंनी सुताराकडे वळून विचारलं, "या टेबलाचा एक पाय डुगडुगतो ना?"

"डुगडुगतो."

"मग तेवढा करा आणि जा."

टॅब काही गेले नाहीत. बाईंनी सांगितलं, टेबलही राहील आणि टॅबही, पण चाचणी नव्याने लिहा. झालं, मास्तर पुन्हा पेटके घेऊन बसला. खोटं काही सुचेना. सून म्हणाली, "खोटं लिहूच नका, बाबा. एकतीस वर्षांत पोरांनी जे खरोखर चुकवलं ते लिहा. मनापासून केलेली चूक दिसायला अगदी खऱ्यासारखी असते."

आणि बांध फुटला. एक पोरगी होती, तिने कॉलर गळ्याएवढीच कापली होती आणि शिलाईत दोन्हीकडे बोटभर गेल्यावर रडत बसली होती. एकाने खिसा इतका खाली लावला की हात घालायला गुडघ्यावर बसावं लागे. माणसांची नावं विसरलेला मास्तर त्यांच्या चुका तारीखवार सांगू लागला. सासरा सांगतोय, सून टिपून घेतेय, वहिनी मध्येच "आणि तुमची ती पहिली कोटाची पाठ?" म्हणून आठवण करून देतायत. ती पाठही एका प्रश्नात गेली. खरी उत्तरं सुनेने कात्री लावून एका ओळीवर आणली. मास्तर प्रत्येक ओळीसाठी भांडला.

नवी चाचणी लागली आणि वर्ग आपटला. कोणाला सात, कोणाला नऊ. ड्रायव्हरला चार. हिरवं हिरवं म्हणून नाचणारी मंडळी लाल खुणा बघून आधी रुसली, मग चिडली, आणि मग टॅब हातात घेऊनच टेबलापाशी आली. "सर, हे चूक कसं? दाखवा कापून!" शेजारच्याने खोट काढली, तिसऱ्याने शेजारच्याची काढली, आणि बाजार पुन्हा भरला. तहान कोणालाच लागली नाही. ड्रायव्हर, चुकलेल्या रस्त्यावरून गाडी मागे घेतात तसा, पाचवा धडा मागे मागे नेत अकरा वेळा बघत होता. वर्गात सगळ्यांसमोर अकरा वेळा विचारायला तो लाजला असता. हे मास्तरने सुनेपाशी कबूल केलं. अर्धंच, पण केलं. मेहुण्याला नवी पँट मिळाली आहे. तो आता बसतो. मात्र बसण्याआधी क्षणभर थांबतो, ती सवय राहिली.

महिन्याने प्राचार्यबाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आणा ती नवी चाचणी. बघू या." सगळे टेबलाभोवती जमले. पहिलाच प्रश्न बाह्यांचा. बाईंनी चारही पर्याय नीट वाचले. मग सगळ्यात लांब असलेल्या तिसऱ्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं : "एक बाही कापून घ्यावी, तीच सुलट ठेवून तिच्याभोवती दुसरी आखावी, म्हणजे दोन्ही तंतोतंत येतात. हेच! ओळखीचं वाटतंय, हे मी इथेच केलं होतं."

लाल खूण आली.

बाईंनी खुणेकडे पाहिलं, मग मास्तरकडे. मास्तर छताकडे बघत होता.

"ही चूक कोणाची लिहिलीत हो तुम्ही?"

"नाव नाही लिहिलं, बाई," मास्तर म्हणाला.

ड्रायव्हर खाकरला. "बाई, लांबवाल्याचा रस्ता आता बंद झालाय. इथे खडू आहे. कापण्याआधी मला सांगा काय कापताय ते. मी खोट काढतो."

बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि टेबल, पाय नवा असल्यामुळे, अजिबात डुगडुगलं नाही. मास्तरला तेवढंच खुपतंय. म्हणतो, एकतीस वर्षं हात त्या डुगडुगीला बसलाय. आता रेघ सरळ येते, पण मजा येत नाही.